कुंपण केवढ्याला पडले

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी गवताचे एक लहानसे कुरण होते आणि त्या कुरणात एक ससा आपल्या सशिणीबरोबर राहत असे. कुरणाच्या खालच्या अंगाला ओढा होता. वरच्या अंगाला कारवीचे रान होते. कारवीच्या त्या सरळ, उंच काठ्या इतक्या दाट उगवलेल्या होत्या की पलीकडचे काही दिसत नसे. पलीकडे चढावर एका कोल्ह्याचे बीळ होते. पण कारवी मध्ये उभी असल्यामुळे कोल्ह्याला कुरण दिसत नसे. तो कधी भटकत खाली उतरलाच, तर कारवीची वाळलेली पाने त्याच्या पायांखाली चुरचुर वाजत आणि तो येतो आहे हे आधीच कळे.

त्या रानाची एक जुनी रीत होती. कुरणातून ओढ्याकडे जाणारी पाऊलवाट सगळ्यांची होती. पाण्यावर जाताना कुणी कुणाला अडवायचे नाही. आणि ज्याला कोल्हा आधी दिसेल त्याने हाक द्यायची, ज्याला हाक ऐकू येईल त्याने ती पुढे पोचवायची. कुरणाच्या कडेला दगडगोट्यांची उघडी जागा होती, तिथे टिटवी राही. तिची नजर सगळ्यांत लांब जाई. ती ओरडली, की वाटेवरचे भेकर भुंके. भेकर भुंकले, की ससा मागचे पाय जमिनीवर आपटे. धप, धप, धप! तेवढ्याने गवतातले तित्तिर आणि उंदीर आपापल्या जागी गडप होत.

सशांची स्वतःचीही एक रीत होती. पिल्ले झाली की ती एका ठिकाणी ठेवायची नाहीत. एक इकडे, एक तिकडे, एक आणखी तिसरीकडे. आईने दिवस मावळताना एकेकाकडे जाऊन दूध पाजायचे आणि मुकाट्याने परत यायचे.

आदल्या वर्षी सशिणीला तीन पिल्ले झाली होती. तरवडाच्या झुडपाखाली ठेवलेले पिल्लू कोल्ह्याने नेले. उरलेली दोन मोठी झाली, डोंगरापलीकडे गेली आणि आपापल्या घरी सुखाने राहू लागली. पण मुलांनो, जे गेले तेच मनात राहते. ससा रोज तरवडाकडे पाही. ती दोन जगली हे त्याच्या मनातून पार पुसून गेले होते.

या वर्षी सशीण पुन्हा पोटुशी राहिली. एके दिवशी ससा तिला म्हणाला, "मी ठरवलंय. कुरणाला कुंपण घालायचं. चांगलं लाकडी, चारी बाजूंनी."

सशीण चरता चरता थांबली. "अहो, आपण ससे. आपलं कुंपण म्हणजे आपले पाय."

"तरवडाखाली होतं त्यालाही पाय होते," ससा म्हणाला.

सशिणीने एकदा तरवडाकडे पाहिले आणि पुन्हा गवतात तोंड घातले.

त्या रानात खणायची आणि कुरतडायची कामे घूस करीत असे. तिचा गोतावळा मोठा होता आणि काम चोख होते. निरोप गेला तशी ती दुसऱ्याच दिवशी आली. शेपटीने माप घेत तिने सगळ्या कुरणाला एक फेरी मारली आणि सशासमोर येऊन बसली.

"हे बघा ससेभाऊ, पुरायच्या खांबांच्या म्हणाल तर एकशेवीस मेढी लागतील. एका मेढीला एक कंद. मधल्या काठ्या मी त्यातच धरते, तुमच्या घरी पाळणा हलणार आहे म्हणून. वेलीनं बांधायचे वीस कंद वेगळे. झाप्याचे दहा वेगळे."

"झापा कशाला?"

"काठ्यांचं दार हो! नाहीतर तुम्ही काय उड्या मारून आत-बाहेर करणार? मग कोल्हा काय तोंड बघत बसेल?" घूस स्वतःच्याच बोलण्यावर खुदखुदली. "आणि एक आत्ताच सांगते, मागून ओरड नको. झाडावर असतं तोवर लाकूड जिवंत. तोडून पुरलं की ते वाळवीचं. एक-दोन वळीव झाले की चार-सहा मेढी बदलाव्या लागणार. ते तुमचं तुम्ही बघायचं."

"बघू. लाकूड कुठलं आणणार?"

"लांबचं आणलं तर कंद दुप्पट. जवळचं हवं तर ही काय, समोर कारवी उभी आहे. सरळसोट, एका जाडीची."

सशीण पुढे झाली. "कारवी नका हो तोडू. ती आहे म्हणून तर..."

"अगं, कारवी काय, परत उगवेल," ससा म्हणाला. मग तो घुशीकडे वळला. "मावशी, दोन काठ्यांत फट किती ठेवाल?"

"माझं नाक जाईल एवढी. सगळीकडं तेवढीच ठेवतात."

"नको. कोल्ह्याच्या मिशीचा केससुद्धा आत येता कामा नये."

"काठ्या वाढतील हं. कंदही वाढतील."

"वाढू देत."

घूस उठली आणि अंग झटकून म्हणाली, "मला काय! सांगाल तसं करून देते."

दुसऱ्या दिवसापासून कारवी पडू लागली. घूस आणि तिची भावंडे बुंध्याशी बसून करकर करकर दात चालवीत. एक काठी आडवी झाली की दुसरी. ससा आणि सशीण उजाडल्यापासून कंद उकरीत. जवळचे कंद चार दिवसांत संपले, मग ती दूरच्या उतारावर जाऊ लागली. सशिणीचे पोट जड झाले होते आणि तिच्या पुढच्या पायांची नखे झिजून रक्ताळली होती. ससा म्हणे, "थोडे दिवस सोस. पोरं आली की आयुष्यभर घोर नाही." ती मान हलवी आणि पुन्हा उकरू लागे. तिलाही तरवडाखालचे पिल्लू विसरता आले नव्हते.

मेढी उभ्या करायच्या म्हणजे खड्डा घ्यायचा, मेढ सोडायची आणि भोवती दगडगोटे ठासायचे. दगडगोटे होते टिटवीच्या जागेत. टिटवी घरटे बांधत नाही, हे तुम्हांला ठाऊक असेल. ती उघड्यावर, गोट्यांमध्येच अंडी घालते आणि तिची अंडी दिसतातही गोट्यांसारखीच. घुशीची भावंडे दिवसभर तिथून गोटे वाहत होती. टिटवी पाण्यावर गेली होती. परत येऊन पाहते तो चार अंड्यांपैकी तीनच होती.

ती मेढीमेढीपाशी धावली. सातव्या मेढीच्या बुडाशी, ठासलेल्या गोट्यांच्या फटीतून पिवळा ओघळ आला होता.

"भाऊ!" टिटवी किंचाळली. "माझं अंडं पुरलंत तुम्ही! तुमच्या मेढीखाली!"

ससा धावत आला. त्याने तो ओघळ पाहिला आणि त्याचे कान खाली पडले. "चुकून झालं गं ताई. दगडासारखंच दिसतं ना ते. घुशीच्या भावंडांना कळलं नसेल."

"मग थांबवा हे. दुसरीकडून गोटे आणा."

सशाने कुंपणाकडे पाहिले. निम्म्याहून अधिक मेढी उभ्या राहिल्या होत्या. "आता मध्येच कसं थांबवू? सशिणीचे दिवस भरत आलेत. चारच दिवसांचं काम राहिलंय, ताई. तेवढं..."

टिटवीने त्याला पुढे बोलू दिले नाही. ती आपल्या उरलेल्या तीन अंड्यांवर जाऊन बसली आणि पिल्ले निघेपर्यंत हलली नाही. पिल्ले चालू लागली त्या दिवशी ती त्यांना घेऊन ओढ्याच्या खालच्या वळणावर निघून गेली. जाताना तिने सशाकडे पाहिलेही नाही.

कुंपण पुरे झाले त्या सकाळी भेकर नेहमीसारखे पाण्यावर निघाले. वाटेत मेढी पाहून ते थबकले.

"ससेभाऊ, वाट कुठं गेली?"

ससा आतून म्हणाला, "थोडा वळसा पडेल, दादा. खालच्या वळणावरही पाणी आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण झापा सारखा उघडा ठेवला तर कुंपणाचा काय उपयोग?"

"वाईट कशाला वाटेल?" भेकर म्हणाले. "वळसा घालीन की. पण मी वळशानं गेलो तर माझी हाकही वळशानंच जायची. ती तुमच्यापर्यंत नाही यायची."

"आता हाकेची गरज नाही मला," ससा हसून म्हणाला, "हे बघा ना!" आणि त्याने पाठ टेकून एका मेढीला धक्का दिला. मेढ जराही हलली नाही.

भेकराने मेढ पाहिली, सशाला पाहिले. "चांगली बसवलीय," एवढे बोलून ते खालच्या वळणाकडे चालू लागले. तित्तिरांचा थवाही काही दिवसांनी त्याच्यामागून गेला.

पिल्ले झाली. या वेळीही तीनच. सशिणीने आपल्या रीतीप्रमाणे एकाला तोंडात धरले आणि ती गवतात निघाली, तेव्हा ससा म्हणाला, "आता कशाला पांगवतेस त्यांना? चहूबाजूंनी कुंपण आहे. राहू देत एका अंथरुणात. भावंडांची ऊब मिळेल."

सशिणीला ते पटले. निदान पटवून घ्यावेसे वाटले. तिने कुरणाच्या मधोमध मऊ गवताचे अंथरूण केले आणि पिल्ले तिथे ठेवली. पण धाकटे पिल्लू फार अशक्त होते. त्याला मात्र ती रोज उचलून दूर कोपऱ्यात, बोरीच्या जाळीत नेऊन ठेवी. ससा तिला चिडवी, "तुझं आपलं जुनंच! कुंपणाच्या आत आणखी लपवाछपवी!" ती म्हणे, "असू दे हो. माझी सवय."

थोरली दोन पिल्ले गुटगुटीत झाली. ती दिवसभर खेळत. पण सशाची पिल्ले खेळतात म्हणजे काय करतात? पळायला शिकतात. सुसाट सुटायचे, मध्येच गिरकी घ्यायची, झुडपाखालून घुसून भलतीकडे निघायचे. ही पिल्ले सुटत, आणि गिरकी घेण्याआधीच कुंपण येई. सुरुवातीला त्यांची नाके आपटली. मग ती कुंपण जवळ आले की आपोआप थांबू लागली. ससा ते कौतुकाने पाही. "बघ, किती शहाणी आहेत! बाहेर जायचं नसतं हे कळलं त्यांना."

इकडे चढावर काय झाले ते ऐका. कारवी तुटली त्या दिवसापासून कोल्ह्याला बिळाच्या तोंडाशी बसून कुरण दिसू लागले होते. एवढे हिरवे कुरण आपल्या दाराशी आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. गेल्या वर्षी तो वाट चुकून तिथे आला होता, एवढेच. आता तो रोज पुढच्या पायांवर हनुवटी टेकून खाली पाहत बसे.

"आत काही नसतं," तो स्वतःशी म्हणाला, "तर कुणी एवढं कुंपण घातलं असतं का?"

मग तो रोज एकदा खाली येऊ लागला. कारवी नव्हती, त्यामुळे पाने वाजत नसत. तो घाई करीत नसे. एका वेळी पाच-सहा मेढींना नाकाने ढकलून पाही आणि परत जाई. मेढी घट्ट होत्या. "आज नाही," तो म्हणे. "उद्या बघू."

वळवाच्या दोन सरी पडल्या आणि घूस म्हणाली होती तसेच झाले. मेढींच्या बुडाशी मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसू लागल्या. ती वाळवी होती. ससा हादरला. आता तो सकाळी उठला की आधी मेढी तपासायला जाई. पिल्लांकडे पाहायला त्याला वेळ उरेना. ओढ्याकडच्या अंगाला तीन मेढी पोखरल्या होत्या. त्यांतल्या दोन बाहेरूनच खचलेल्या दिसत होत्या, त्यांना सशाने तेवढ्यापुरता दगडगोट्यांचा टेकू दिला. तिसरी वरून धडधाकट दिसत होती, तेव्हा ती सशाने नंतर करू म्हणून सोडली.

नव्या मेढींसाठी जवळ कारवी उरलीच नव्हती. ती ओढ्यापलीकडे, खूप दूर होती. आणि ओली मेढ एकट्या सशाला ओढवत नसे.

"तूही चल," तो सशिणीला म्हणाला. "दोघं मिळून ओढू. उन्हं कलायच्या आत येऊ परत."

"पिल्लांना एकटं ठेवायचं?"

"एकटी कुठं? कुंपण आहे की."

दोघे बाहेर पडली. सशाने झापा ओढून घेतला आणि वेलीच्या तीन गाठी मारल्या. दातांनी खेचून खेचून त्या इतक्या आवळल्या की वेलीतून पाणी निघाले. थोरले पिल्लू आतून विचारीत होते, "बाबा, कधी येणार?" ससा म्हणाला, "येतोच. झाप्याच्या जवळ खेळा. कोणी हाक मारली तर उत्तर द्यायचं नाही." फट इतकी बारीक होती की पिल्लाचा एकच डोळा दिसत होता.

कोल्ह्याने दोघांना जाताना वरून पाहिले. तो उठला, अंग ताणले आणि सावकाश खाली उतरला. खालच्या वळणावरून टिटवीला तो दिसला. तिचे अंडे सशाच्या मेढीखाली गेले होते, तरी ती ओरडली. रीत ती रीत. "टिटिव! टिटिव! टिटिव!" शेजारीच पाणी पिणाऱ्या भेकराने ते ऐकले आणि ते भुंकले. त्याचे ऐकून खालच्या वळणावरचे सगळे तित्तिर, सगळे उंदीर लपले. पण तिथून कुरणापर्यंत मधल्या वाटेवर कुणीही राहत नव्हते. ती हाक ओढ्याच्या आवाजात विरून गेली.

कोल्ह्याने एकेक मेढ ढकलून पाहिली. तिसऱ्या मेढीत, त्या वरून धडधाकट दिसणाऱ्या मेढीत, त्याचे नाक भुशात शिरावे तसे शिरले.

ससा आणि सशीण ओढ्याच्या या काठाला आली होती. मेढ दोघांच्या तोंडात होती. तेवढ्यात सशिणीने मेढ टाकली. ससे कधी ओरडत नाहीत, मुलांनो. सगळे आयुष्य ते मुके असतात. फक्त मरण समोर आले तरच त्यांच्या तोंडून एक बारीक, उंच किंकाळी निघते. ती किंकाळी कुरणातून आली.

दोघे धावली. ससा झाप्यापाशी पोचला तेव्हा दोन्ही पिल्ले आतून झाप्यालाच येऊन थटली होती. कोल्हा कुरणाच्या मध्यावर होता. पिल्लांना वाटेल तिकडे पळता आले असते, पण त्यांना पळायचे माहीतच नव्हते. कुंपण आले की थांबायचे, एवढेच ती शिकली होती.

"बाबा, उघडा ना!"

"उघडतो, उघडतो!" ससा वेलीला दातांनी भिडला.

"बाबा, लवकर!" दुसरे बारीक आवाजात म्हणाले. त्याने फटीत नाक खुपसून पाहिले. नाक आत शिरेना.

पहिली गाठ तुटली. सशीण कुंपणाच्या कडेने वेड्यासारखी धावत होती, कुठे फट मिळते का पाहत होती. फट कुठेच नव्हती. सशानेच ती ठेवू दिली नव्हती. शेवटी ओढ्याच्या अंगाला तिला ती मोडलेली मेढ सापडली आणि ती आत घुसली. ससा अजून दुसऱ्या गाठीवर होता. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते, तोंडात वेलीचा कडू चीक गेला होता. दुसरी गाठ अर्धी तुटली, आणि झाप्यापलीकडचा आवाज थांबला.

ससा तरीही गाठ कुरतडत राहिला. सशीण आतून येऊन झाप्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "राहू द्या आता." तेव्हा कुठे त्याने तोंड बाजूला केले.

कोल्हा दोन्ही पिल्ले घेऊन गेला होता.

बोरीच्या जाळीत धाकटे पिल्लू गवताला चिकटून पडले होते. ते हलले नव्हते, श्वासही जपून घेत होते. सशीण त्याच्याजवळ जाऊन बसली. ती दिवस मावळेपर्यंत तिथून उठली नाही आणि ससा तिच्याजवळ जायला धजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी आली. ती आत आली नाही, सातव्या मेढीवर बसली.

"मी ओरडले होते, भाऊ," ती म्हणाली. "घसा फुटेपर्यंत ओरडले. भेकरदादाही भुंकले. पण मधे कुणीच नव्हतं."

"मला ठाऊक आहे, ताई," ससा म्हणाला. "तूही एक मूल दिलंस या कुंपणाला. आणि मी तुला चार दिवसांचं काम राहिलंय म्हणालो."

टिटवीने पंख मिटून घेतले. मग ती खालच्या वळणाकडे उडून गेली.

ससा कुंपण उपटायला लागला. पण घुशीचे काम चोख होते. वाळवी लागलेल्या मेढी सहज निघाल्या, बाकीच्या दगडांत घट्ट बसल्या होत्या. रोज खटपट करून एखादी निघे. वाट मोकळी झाली, पण भेकराला खालचे पाणी सवयीचे झाले होते. कारवीच्या बुंध्यांना कोवळे कोंब आले खरे, पण मुलांनो, कारवी पुन्हा तशी दाट व्हायला सात-आठ वर्षे लागतात. ससा तेवढा जगत नाही. चढावरून कोल्हा रोज कुरणाकडे पाही. सशीण रोज पिल्लाची जागा बदलत असे.

ते पिल्लू मोठे होऊन पळायला शिकले. आईने त्याला मोडक्या मेढींच्या मधूनच गिरक्या घ्यायला शिकवले. पण त्याच्या वाट्याला एकही भावंड उरले नव्हते, त्यामुळे ते एकटेच पळे.

पावसाळा सरता सरता डोंगरापलीकडून एक तरुण ससा आला. त्याच्या घरी पिल्ले होणार होती. उभ्या असलेल्या मेढींच्या रांगेवरून त्याने कौतुकाने नजर फिरवली.

"काका, काम मजबूत आहे हो! मलाही घालायचंय कुंपण. घुशीला विचारलं तर ती म्हणते मेढीला एक कंद. तुम्हांला केवढ्याला पडलं?"

"मेढीला एक कंद," ससा म्हणाला. "एकशेवीस मेढी. वेलीचे वीस. वाढीव काठ्यांचे वेगळे. झाप्याचे..."

सशीण पलीकडे चरत होती. तिने मान वर केली नाही.

ससा उठला आणि पाहुण्याला झाप्यापाशी घेऊन गेला. सगळे कुंपण उपटायचे त्याने ठरवले होते, पण झाप्याला मात्र त्याने हात लावला नव्हता. तिथे वाळलेल्या वेलीच्या तीन गाठी होत्या. एक तुटलेली, एक अर्धी कुरतडलेली, एक तशीच. अर्ध्या गाठीवर दातांच्या खुणा होत्या आणि काळे पडलेले डाग होते. आतल्या बाजूने, अगदी खाली, काठ्यांवर बारीक नखांचे ओरखडे होते.

"एवढ्याला पडलं," ससा म्हणाला.

पाहुणा वाकून पाहू लागला. आधी त्याला काही कळले नाही. मग त्याने त्या खालच्या ओरखड्यांना नाक लावले आणि एकदम मागे सरला. तो निरोप न घेताच वळला आणि उड्या मारीत डोंगराकडे निघाला. वाटेत त्याला एक कारवीचे रान लागते. ते त्याने तोडले की राखले, हे मला ठाऊक नाही.

तात्पर्य : कुंपण घालण्याआधी त्याच्या आत काय सुरक्षित राहील एवढेच पाहू नये. आजवर ज्यांच्या हाकेने आपण जगलो, ते बाहेर राहतील. त्याचीही किंमत आधीच विचारून घ्यावी.